अंबादासकाकांचा तिसरा रकाना

आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली एक काळा फळा आहे. सोलापूरच्या माणसाला तो कशासाठी हे सांगावं लागत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते कधी येणार हे ज्याला आधी कळेल त्यानं बाकीच्यांना सांगायचं, एवढी माणुसकी अजून शिल्लक आहे. फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागात ते लिहिलेलं असतं: 'गुरुवार, सकाळी सहा ते आठ.' आणि उजव्या अर्ध्या भागात, त्याच खडूनं, त्याच ठसठशीत अक्षरात, जगातल्या ब्लॉकचेन नेटवर्कांची आजची क्रमवारी असते.

माझा भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा त्या फळ्यापुढे पाच मिनिटं उभा होता. 'आजोबा: वेग १, मोटरी ९, हात ८. पळपुट्या: वेग १०, मोटरी ४, हात ७.' वर येऊन त्यानं मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे पाणी चढवायला नऊ मोटरी लागतात?" मी म्हटलं, "पाण्याला एकच मोटर आहे. उजवीकडचं वेगळं आहे." ते वेगळं म्हणजे काय हे समजावता समजावता भाकरी करपली.

हे सगळं लिहिणारे अंबादासकाका. दुसऱ्या मजल्यावर राहतात, वय अडुसष्ट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरींच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं जॉबरचं काम केलं. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, की सातव्या मागाचा धोटा आता अडकणार, आणि तो अडकायचा. कान त्या मागांनीच अर्धे नेले. त्यामुळे काका बोलतात ते साऱ्या बिल्डिंगला ऐकू जातं. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथं काका एक छोटा पाना आणि खडूचा तुकडा ठेवतात. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि रागात दोन्ही.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, शिवाय त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहते. हे माझे दोन अपराध. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी काका माझ्या दारात उभे राहिले. हातात छापून आणलेली चाळीस पानं होती.

"टीचरम्मा, ह्यातलं विंग्रजी सांगा. चा नको, घिऊन आलोय."

मी पहिलं पान वाचलं. इंग्रजी सगळं समजलं, अर्थ एकाही वाक्याचा लागला नाही. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, "तुमी नुसतं शब्द सांगा. माग कसा चालतोय ते मी बगतो."

आणि खरंच, महिनाभरात ते मला शिकवू लागले. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे मला शाळेच्या कॉम्प्युटरच्या सरांनी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली होती. काकांनी एका दमात सांगितलं. "आमच्या कारखान्यात पाळी बदलली की नवा विणकर काठात आपल्या रंगाचा दोरा घालायचा. ह्याचा लाल, त्याचा निळा. कुटवर कुणी विणलं ते चादर बगून कळायचं. आता मदला तुकडा कुणाला गुपचूप बदलायचा हाय. तर वरचं सगळं उसवाय लागतंय की! आन उसवलेलं सगळ्यास्नी दिसतंय. हेच हाय ते. फकस्त तितं मालक न्हाय. एकच चादर हजार जणांच्या घरात हाय, आन हजार जण रोज काठ ताडून बगत्यात."

मला समजलं. मी ते दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या सरांना सांगितलं तेव्हा त्यांनाही समजलं.

आता या चादरी विणणारे कारखाने, म्हणजे नेटवर्कं, जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांतलं चांगलं कुठलं हे ठरवायला काकांनी तीन रकाने पाडले. पहिला वेग: एका सेकंदात किती व्यवहार विणून होतात. दुसरा मोटरी. जुन्या कारखान्यात एकच मोठी मोटर असायची, तिच्या पट्ट्यावर सगळे माग फिरायचे. मोटर बसली की सगळा कारखाना मुका. पुढं प्रत्येक मागाला आपापली मोटर आली. तेव्हा 'मोटरी' या रकान्यात काका हे बघतात, की नेटवर्क एकादोघांच्या ताब्यात आहे की खरंच हजारांच्या. इंग्रजीत त्याला मोठा थोरला शब्द आहे. तो मी त्यांना तीनदा म्हणून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "एवडं म्हणंस्तवर मोटर बसंल." तिसरा रकाना हात. म्हणजे ते नेटवर्क दुरुस्त करायला, सुधारायला रोज किती माणसं बसलेली आहेत.

नेटवर्कांची खरी नावं काकांना आवडत नाहीत. सगळ्यांत जुनं ते आजोबा. भयंकर वेगवान पण मध्येच बंद पडणारं ते पळपुट्या. जिथं जगातली निम्मी गर्दी ते मंगळवार बाजार. आणि यादीत सगळ्यांत वर, खाली दोन रेघा मारलेली, ती धाकटी.

एवढं सगळं कळल्यावर बिल्डिंगमध्ये साहजिकच कुजबुज झाली, की म्हाताऱ्यानं फंडाचे पैसे त्या नेटवर्कांवरच्या आभासी नाण्यांत घातलेत. मी एकदा विचारलंच. काका दुखावले. "मी माग बगणारा माणूस. कापडाचा भाव इचारू नका मला." एक रुपया त्यांनी कधी कशात घातला नाही. नुसतं बघायचं.

पण बघण्याची सवय लागली की माणूस नेटवर्कांवर थांबत नाही. काकांचा एक प्रश्न आमच्या सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे: "वेग सोडा. एक तुटला तर सगळं थांबतंय का, ते सांगा." चहाच्या गाड्यावर, बँकेत, देवळाच्या पंगतीत, कुठंही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून काकांना नेलं होतं. पोहे आले. मुलीचे वडील विनयानं म्हणाले, "आमच्याकडचं काही विचारायचं असेल तर विचारा." काका म्हणाले, "तुमचं बरं हाय. सैपाकघरात चार हात दिसत्यात. आमच्याकडलं सांगतो. पोराची आई एकटी समदं ठरवती. एका मोटरवर चाललंय." पोराची आई शेजारीच बसली होती. लग्न तरीही झालं, आणि सून म्हणते की संपूर्ण बैठकीत खरी माहिती तेवढीच मिळाली होती.

पाण्याच्या पंपाचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. पंपाच्या खोलीची किल्ली एकट्या वॉचमनकडे असायची. एकदा वॉचमन भाच्याच्या लग्नाला होटगीला गेला, किल्ली खिशात घेऊन. खाली नळाला धो धो पाणी आलंय आणि वरची टाकी कोरडी. काकांनी त्याच दिवशी किल्लीच्या सात प्रती करून घेतल्या आणि सात घरांत वाटल्या. "आता वॉचमन म्हैसूरला जाऊ दे." पुढच्या पाण्याला सातांपैकी पाच जणांनी मोठ्या जबाबदारीनं जाऊन पंप चालू आहे ना हे बघितलं. बंद मात्र कुणीच केला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा करेल. टाकी तासभर वाहिली, पार्किंगमध्ये तळं झालं, आणि पाच दिवसांचं पाणी गटारात गेलं.

दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. काकांनी नियम काढला. पंप चालू किंवा बंद करण्याआधी सातांपैकी चार घरांनी गॅलरीत येऊन हात वर करायचा. चार हात दिसले की मगच बटण. आम्ही आधी हसलो. पण मग दर पाच दिवसांनी सकाळी सहाला, तोंडात ब्रश धरून, आम्ही सात घरं गॅलरीत हात वर करून उभी राहू लागलो. समोरच्या बिल्डिंगला वाटलं आम्ही कुठला तरी संप्रदाय घेतला. टाकी तेव्हापासून एकदाही वाहिलेली नाही, हे कबूल करायला हवं.

आता धाकटीबद्दल.

धाकटीच्या गुणांची बेरीज यादीत सगळ्यांत कमी असे. वेग तीन, मोटरी सहा. तिसऱ्या रकान्यात तर काका तिला गुण देतच नसत, सरळ माणसं मोजून लिहीत: हात अकरा. मंगळवार बाजारात हजारो हात राबतात, आणि इथं अकरा. तरी ती पहिल्या नंबरावर. एकदा मी म्हटलं, "काका, तुमची बेरीज चुकतेय." तर म्हणाले, "टीचरम्मा, तुमी विंग्रजी शिकवा. गणितात पडू नका."

मला कारण ठाऊक होतं. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, फक्त त्यांच्यापुढे कुणी बोलत नसे. धाकटीच्या अकरांपैकी एक हात पद्मजाचा होता. पद्मजा म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. दहावीला माझ्याच वर्गात होती, निबंधात समास सोडत नसे आणि चूक दाखवली की माझीच चूक शोधून आणत असे. पुण्यात तिला मोठ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा काकांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. तीन वर्षांपूर्वी तिनं ती सोडली आणि बेंगळुरूला जाऊन या धाकट्या नेटवर्कात शिरली. काका उखडले. सगळा जिना ऐकत होता. "अकरा जणांचा माग! त्यावर कोण बसतंय? उद्या बंद पडला तर?" पद्मजा बापाच्याच वळणाची. ती म्हणाली, "नायना, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. आधी शिका, मग बोला."

आणि बॅग उचलून गेली.

दुसरा बाप असता तर चार दिवस फुगून बसला असता आणि पाचव्या दिवशी फोन केला असता. पण काका जॉबर. कामात सांगितलेलं शब्दशः करायची चाळीस वर्षांची सवय. आधी शिका म्हणाली ना? शिकतो. मग बोला म्हणाली ना? शिकून झाल्यावर बोलेन. त्याच्या पुढच्या रविवारी ते चाळीस पानं घेऊन माझ्या दारात आले होते. मला वाटलं, दोन महिन्यांत होईल. पण या विषयाचा दुष्टपणा असा, की जरा समजलं म्हणावं तर हे लोक काहीतरी नवीन काढतात. दर दिवाळीला मी विचारायची, "काका, आता बोलायला हरकत नाही ना?" आणि ते मान हलवायचे. "अजून दोन पानं ऱ्हायली."

सुशीलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्या प्रकाराला एकच शब्द वापरत: "पिच्ची." म्हणजे वेड. काकूंचा आणि लेकीचा रोज दुपारी चारला फोन होई. काकूंना फोन स्पीकरवर ठेवल्याशिवाय बोलता येत नाही. त्या वेळी काका बरोबर गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालत. अर्धा कान असलेला माणूस, पण त्या पंधरा मिनिटांत तो जागचा हलत नसे. तुळस दोनदा कुजून गेली.

काकांना मात्र फोनपेक्षा भरवशाची दुसरी जागा सापडली होती. या नेटवर्कांचं काम साऱ्या जगाला उघड्या अशा एका पानावर चालतं. कुणी कुठल्या दिवशी काम केलं ते तिथं लहान लहान चौकोनांत दिसतं. काम केलं तो दिवस हिरवा, जास्त केलं तर गडद हिरवा, नाही केलं तर कोरा. वर्षभराचे चौकोन ओळीनं मांडलेले असतात. काकांनी मला पद्मजाचं पान दाखवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नव्या चादरीची घडी उलगडणाऱ्याचा भाव होता. "बगा, चौकडीची चादर. रोज बगतो. सक्काळी उठलं की पयलं हेच."

हे पान उघडून तीन वर्षं तो माणूस लेकीला 'कशी आहेस' विचारत होता, आणि तिला पत्ता नव्हता. मला तेव्हा त्यांचा रागही आला आणि कीवही.

मागच्या पावसाळ्यानंतर धाकटीचे हात कमी व्हायला लागले. फळ्यावर अकराचे नऊ झाले, मग सहा. मोठी नेटवर्कं माणसं ओढून नेत होती. दसऱ्याला चार. दिवाळीला दोन. काका तो आकडा पुसून लिहायचे तेव्हा खडू दाबून धरायचे. एके दिवशी मी शाळेतून आले तर तिसऱ्या रकान्यात 'हात १' होतं.

"एकच?" मी विचारलं.

"एकच," काका म्हणाले. कोण ते सांगावं लागलं नाही.

काकूंना लेक सांगत होती, सगळं छान चाललंय. काकांचा विश्वास नव्हता. "चादर बगा की. एक चौकोन कोरा न्हाय. आयतवार हिरवा, दिवाळी हिरवी, तिचा वाडदिवस गडद हिरवा. सुट्टी न घेणारा कामगार बरा नसतोय, टीचरम्मा. मी चाळीस वर्षं बगितलंय."

आणि मग एका आठवड्यात चौकोन कोरे पडू लागले. एक. दोन. तीन. काकू म्हणाल्या, "ती ट्रिपला गेलीय म्हणे मैत्रिणींबरोबर. जाऊ दे की, हिंडू दे." पाचवा चौकोन कोरा निघाला त्या रविवारी सकाळी काका खाली आले. पाना आणि खडू खिशात नव्हते.

"टीचरम्मा, तक्रार लिवायची हाय."

त्या उघड्या पानावर कुणालाही तक्रार नोंदवता येते. नेटवर्कात काही बिघाड दिसला तर तिथं लिहायचा, काम करणारी माणसं तो दुरुस्त करतात. काका कारखान्यात असताना बिघाडाचं रजिस्टर असायचं, तसंच. मी म्हटलं, "काका, सरळ फोन करा ना. मी लावून देते." ते म्हणाले, "शिकून झालं न्हाय अजून. पर जॉबरला बिघाड लिवाय परवानगी लागत न्हाय."

मी लॅपटॉप उघडला. छापील फॉर्म होता, इंग्रजीत. ते मराठीत सांगणार आणि मी इंग्रजीत लिहिणार, असं ठरलं.

पहिला प्रश्न होता, तक्रार थोडक्यात सांगा.

"मागावर एकच हात. पाच दिस माग बंद."

दुसरा प्रश्न: बिघाड पुन्हा घडवून बघायचा असेल तर काय काय करावं, ते पायऱ्यापायऱ्यांनी लिहा. मी तो वाचून दाखवला. काका बोटं मोजत सांगू लागले.

"एक. पोरगी मोटी नोकरी सोडून बारक्या मागावर जाती. दोन. बाप म्हंतो, अकरा जणांचा माग, त्यावर कोण बसतंय. तीन. पोरगी म्हंती, आदी शिका, मग बोला. चार." इथं थांबले. "चार. बाप शिकत बसतो."

"पाच?"

"पाच न्हाय. एवडं केलं की घडतंयच ते."

तिसरा प्रश्न: प्रत्यक्षात काय झालं?

"तीन वर्षं गेली."

चौथा: त्याऐवजी काय व्हायला हवं होतं?

मला वाटलं, आता मोटरींबद्दल काहीतरी सांगतील. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बापानं न शिकताच बोलाय पायजे होतं."

बावीस वर्षं मी मुलांकडून इंग्रजीत माफीची पत्रं लिहून घेतलीत. 'आय बेग टू स्टेट'पासून सुरू होणारी. ते वाक्य लिहिताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काका म्हणाले, "रडा नंतर. स्पेलिंग बगा." 'जॉबर सोलापूर' या नावानं आम्ही तक्रार पाठवली.

दुपारपर्यंत कुठल्याशा परदेशी भल्या माणसाचं उत्तर आलं. तक्रारीबद्दल आभार, बिघाड गंभीर दिसतो, कृपया तुम्ही कुठलं व्हर्जन वापरता ते कळवा. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "लिवा, अडुसष्ट. जुनं हाय, पर आता नवीन निगणार न्हाय." मी तसंच लिहिलं. त्या माणसानं पुन्हा काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणखी काही उत्तर आलंय का ते दाखवायला वर गेले होते. चार वाजले. काकूंचा फोन वाजला आणि काका सवयीनं तांब्या घेऊन गॅलरीकडे निघाले. पद्मजाचा आवाज बसलेला होता. "अम्मा, फोन नायनाकडे दे."

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी तांब्या खाली ठेवला, हात धोतराला पुसला आणि फोन दोन्ही हातांत धरला. पुढचं बोलणं अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत झालं. इतकी वर्षं वरखाली राहून मला ते कळतं.

"नायना, शिकून झालं?"

"न्हाय. अर्दंबी न्हाय. रोज नवीन काडताव तुमी."

"मग बोलताय कसे?"

काका एरवी एवढ्या मोठ्यानं बोलणारे. आता मला कान द्यावा लागला.

"तू एकटी हायस मागावर. एक तुटला तर..." आणि तो प्रश्न, जो त्यांनी आख्ख्या सोलापूरला विचारला होता, त्यांना पुरा करता आला नाही.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "ताप होता, नायना. उतरलाय आता."

"ठावं हाय. पाच चौकोन कोरे होते."

"तुम्ही बघता ते?"

यावर काकूंनी फोन हिसकावला. "बघतात काय! दुसरं करतात काय हे!" आणि तीन वर्षांचं सगळं त्यांनी दोघांनाही एकदम ऐकवलं. ट्रिपच्या थापेसकट. ते तेलुगू इतकं जलद होतं की मला फक्त 'पिच्ची' सात वेळा ऐकू आलं. काकू दमल्यावर पद्मजानं विचारलं, "वेगाला किती देता आम्हाला?"

"तीन," काका म्हणाले.

"तीनच?"

"मी वशिला लावत न्हाय."

"आन लिवतात पयल्या नंबरावर!" काकू ओरडल्या. पद्मजा हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. काका मान खाली घालून फोनकडे बघत राहिले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एक गोष्ट झाली. काकांच्या वहीत धाकटीच्या माहितीपुस्तिकेतल्या चुका लिहिलेल्या होत्या. नवख्या माणसानं पहिल्यांदा काय करायचं, ते सांगणारी ती पुस्तिका. काकांनी ती इतक्या वेळा वाचली होती, आणि एकेक पायरी स्वतः करून बघितली होती, की सहावी पायरी पाचवीच्या आधी हवी, हे जगात फक्त त्यांनाच कळलं होतं. पद्मजा म्हणाली, मग पाठवा की दुरुस्ती. आम्ही दोघांनी मिळून पाठवली. तिनं दोनदा परत केली, समास नीट नाही म्हणून. तिसऱ्यांदा घेतली. आणि त्या उघड्या पानावर, काम करणाऱ्यांच्या यादीत, पद्मजाच्या नावाखाली 'जॉबर सोलापूर' हे नाव आलं. शेजारी एक हिरवा चौकोन. फिका, पण हिरवा.

धाकटी टिकेल की नाही, मला माहीत नाही. काकांनाही माहीत नाही, आणि ते तसं स्पष्ट सांगतात. पद्मजा संक्रांतीला येणार आहे, एवढं नक्की आहे.

त्या दिवशी संध्याकाळी काका फळ्यापुढे बराच वेळ उभे होते. तिसऱ्या रकान्यातला धाकटीचा 'हात १' त्यांनी तळव्यानं पुसला आणि '२' लिहिला. जरा मागे सरकून बघितलं, पुन्हा पुढे होऊन तो दोन आणखी ठळक केला, आणि वर निघून गेले.

डावीकडे पाण्याची वेळ लिहायची राहून गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं आणि गेलं, गॅलरीत एकही हात वर झाला नाही, आणि आमची आख्खी बिल्डिंग पाच दिवस कोरडी राहिली. त्या सकाळी मी अर्ध्या बादलीत आंघोळ करून शाळेत गेले. जाताना तिसऱ्या मजल्यावरची ती 'एका मोटर'वाली सासू फळ्यापाशी रिकामी घागर घेऊन उभी दिसली. आता ती काकांच्या नावानं शंख करणार, म्हणून मी थांबले. तिनं डावीकडे बघितलं, मग उजवीकडचा तो दोन बघितला, आणि घागर उचलून मुकाट्यानं वर गेली.